रफू केलेली मालिका

तन्मय कुरुंदवाडेने आईसाठी टीव्ही रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर बांधला, त्यामागे प्रेम होतं असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण ओटीपी हे होतं.

त्याची आई शालन मिरजेत एकटी राहायची. पाणीपट्टीच्या खिडकीमागे नोकरी केलेली बाई. समोरच्याला ऐकू जातंय की नाही याचा विचार न करता बोलत राहायची तिला सवय. निवृत्तीनंतर खिडकी गेली आणि टीव्ही राहिला. त्यावर ती एकच मालिका बघायची, ‘नांदते मी नगरसेवकाघरी’. पण तोपर्यंत सगळ्या वाहिन्या ॲपवर गेल्या होत्या आणि ॲपला रोज संध्याकाळी नव्याने संशय यायचा की ही बाई कालचीच आहे का. मग खात्रीचा नंबर तन्मयच्या मोबाइलवर यायचा, कारण खातं त्याच्या नावावर होतं. तन्मय तेव्हा पुण्यात, वाकडच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये असायचा.

“तन्मय, नंबर आला का रे?”

“आई, मीटिंग चालू आहे. चार, शून्य, शून्य, सात…”

“हळू सांग की. जेवलास का?”

“आई, संध्याकाळ आहे.”

“मग चहा घेतलास का?”

असं रोज. शेवटी तन्मयने बाजारातून सुटे भाग आणले आणि एक पेटी बांधली. शांत पंख्याचं कॅबिनेट, मोठी हार्ड डिस्क आणि गच्चीवरच्या जुन्या डिशमधून थेट सिग्नल घेणारं ट्यूनर कार्ड. खाजगी वाहिन्यांतली ती एकच अजून हट्टाने डिशवरही दिसायची. म्हणजे ॲप नको, नंबर नको. पेटी मालिका आपली आपण रेकॉर्ड करणार. आई रिमोटच्या माइकमध्ये ‘लाव’ म्हणाली की लागणार, ‘थांब’ म्हणाली की थांबणार. पेटी शोकेसमध्ये बसवली, तेव्हा आईने तिला हळदकुंकू वाहिलं. बरीचशी हळद पंख्यात गेली. यंत्राने तक्रार केली नाही.

त्या दिवसापासून आईचा रोजचा फोन बंद झाला. फोन येत नाही म्हणजे यंत्र उत्तम चाललंय, असा तन्मयने अर्थ काढला आणि स्वतःची पाठ थोपटली.

एकच अडचण होती. जोराचा पाऊस आला की डिशवर येणारा सिग्नल पाण्याचे थेंब वाटेतच गिळतात. मग रेकॉर्डिंगला भोकं पडतात. नगरसेवकाच्या बायकोने हात उगारला आणि पडदा काळा. परत चित्र येतं तेव्हा जिला बसायची ती आधीच रडतेय. “लागली कुणाला?” म्हणून आईने भर मीटिंगमध्ये फोन केला.

त्यावर तन्मयने ‘रफू’ टाकलं. हे सॉफ्टवेअर कुणीही फुकट घेऊ शकत होतं आणि नाव ठेवणाऱ्याने नाव बरोबर ठेवलं होतं. रफूवाला काय करतो? शर्टाला भोक पडलं तर भोकाच्या कडेचे धागे घेतो, कापडाची वीण कशी आहे ते बघतो आणि त्याच विणीने मधली जागा भरून काढतो. हे सॉफ्टवेअर तेच चित्राला करायचं. मालिकेचे शेकडो भाग त्याच्या पोटात होते. कोण कशी चालते, कोण रागावल्यावर कुठली भुवई उचलते, दिवाणखान्यात समई कुठल्या कोपऱ्यात आहे, सगळं त्याला पाठ. भोकाच्या अलीकडे काय झालं आणि पलीकडे काय झालं हे बघून ते मधलं चित्र आणि आवाज शिवून टाकायचं. जोड दिसायचा नाही.

पण मालिकेत मधे काय घडलं असेल याच्या पाच-सहा शक्यता असतात. त्यातली कुठली घ्यायची? बनवणाऱ्यांनी सोय केली होती, की दाखवता दाखवताच प्रेक्षकाचा प्रतिसाद बघायचा. त्यांच्या मनात रिमोटची बटणं होती. रिमोटला सतत ऐकणारा माइकही असेल आणि माइकसमोर शालन कुरुंदवाडे असेल, हे त्यांच्या मनात नव्हतं.

टाकताना सॉफ्टवेअरने एक प्रश्न विचारला होता: जास्तीत जास्त किती मोठं भोक बुजवू? तन्मयला आईचा फोन पुन्हा नको होता. त्याने लिहिलं, ‘मर्यादा नाही’.

पुढच्या वर्षी वाहिनी बंद पडली. गाजावाजा न होता, एका मंगळवारी, एका बाईचं वाक्य अर्धं असताना. आणि हे आईला कळलं नाही, कारण एव्हाना ज्याचं त्याचं बघणं वेगळं झालं होतं. ‘कालचा भाग बघितलास का’ असं कुणी कुणाला विचारतच नसे. तन्मयला तर मालिकेचं नावही धड आठवत नव्हतं. राहता राहिली पेटी. डिशवरून काहीच येईना, तेव्हा पेटीने तिला ठाऊक असलेला एकमेव निष्कर्ष काढला, की बाहेर पाऊस पडतोय.

आणि ती रफू करत बसली. यंत्राच्या हिशेबी मिरजेत त्यानंतर पाऊस थांबलाच नाही.

*

सांगलीत मित्राचं लग्न होतं म्हणून तन्मय मिरजेला उतरला. आईसाठी आलो असं त्याने सांगितलं. आईने त्याला वरणभात वाढला आणि ‘लाव’ म्हणाली.

पडद्यावर, बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, नगरसेवकाची सून मृण्मयी हाताला पट्टी बांधून बसली होती.

“हिला काय झालं?” तन्मयने विचारलं.

“विंचू चावला.”

“बाविसाव्या मजल्यावर?”

“लिफ्टने आला असेल. मी म्हणतच होते, फार नाचतेय, हिला एकदा विंचू चावायला पाहिजे. आणि चावला की रे!”

तन्मय हसला. मग मालिकेतल्या कमलताई, म्हणजे नगरसेवकाची विधवा बहीण, दार उघडायला उठल्या. दारात त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा रोहन उभा. त्याने थेट आत पाऊल टाकलं.

“चप्पल काढ की आधी,” आई पडद्याला म्हणाली.

रोहनने खाली बघितलं. चप्पल काढली.

तन्मयचा घास हातातच राहिला.

“दमला असशील. पाणी दे गं त्याला, नुसती बघत काय बसलीस,” आई म्हणाली. कमलताईंनी पाणी आणलं. रोहन पाणी प्यायला आणि म्हणाला, “आई, या आठवड्यात दुसऱ्यांदा आलो, तुला त्रास तर नाही ना?”

“बघ,” आई तन्मयकडे न बघता म्हणाली, “किती गुणाचं पोर.”

आई भांडी घासायला गेल्यावर तन्मयने मोबाइलवर शोधलं. मग पेटीच्या आत शिरून रेकॉर्डिंगच्या तारखा आणि विंचवाचा भाग बघितला. वाहिनी कधीच गेलेली होती. मालिका मात्र आठवड्याला सहा भाग, न चुकता. विंचू आईचा होता. रोहनही आईचाच होता. मूळ मालिकेत कमलताईंना मूलबाळच नव्हतं.

त्याच संध्याकाळी सांगून टाकायला हवं होतं. ती स्वयंपाकघरातून ओरडली, “कसली छान मालिका आहे ना? दुसऱ्या काय एकेक येतात. हिच्यात माणसं माझ्यासारखा विचार करतात.” तन्मय म्हणाला, “हो, छान आहे.” आणि जाण्याआधी पेटीत एक छोटासा बदल केला. नवा भाग तयार झाला की एक प्रत आपल्याही मोबाइलवर यावी.

आईवर लक्ष राहील, असं त्याने स्वतःला सांगितलं. फोन करून विचारणं हाही एक मार्ग होता. पण फोनवर आई ‘बरी आहे’ म्हणायची. मालिकेत ती खरं बोलायची.

*

ऑफिसच्या बसमध्ये कानात इअरफोनची बोंडं घालून तन्मय ‘नांदते मी नगरसेवकाघरी’ बघू लागला. शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याला वाटलं याचं लग्न मोडलं असावं.

एका भागात कमलताई न्हाणीत पाय घसरून आपटल्या. भिंतीला धरून उठल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “पोराला सांगू नका. त्याला कामं असतात.” तन्मयने बसमधूनच फोन लावला.

“आई, बाथरूममध्ये पडलीस का?”

“तुला कोण म्हणालं? शकिला बोलली?”

शकिलाभाभी सतारमेकर म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. टीव्ही बघायची नाही, डोळ्यांना पाणी येतं म्हणायची. आईकडून मालिकेची गोष्ट मात्र ऐकायची.

“कुणी नाही बोललं. मला आपलं वाटलं.”

“काय वाटलं?”

“असंच. मनात आलं.”

आईचा आवाज एकदम मऊ झाला. “उजव्या गुडघ्यावर आपटले रे. पण बरी आहे. तुला बरं कळलं.”

तन्मयने गुडघ्याचा पट्टा पाठवला, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. पुढच्या भागात कमलताई म्हणाल्या, हल्ली घशाखाली काही उतरत नाही, लिंबाचं गोड लोणचं असतं तर. तन्मयने लोणचं पाठवलं. नगरसेवकाची म्हातारी मामी जुन्या मैत्रिणीच्या आठवणीने रडली, तर तन्मयने आईची कुरुंदवाडची मैत्रीण कुसुम शोधून तिला फोन करायला लावला. त्याला आईच्या आयुष्यात काय चाललंय हे आता तिच्या डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं आणि त्यासाठी आईशी बोलावं लागत नव्हतं.

“शकिला,” आई भिंतीपलीकडे सांगायची, “माझ्या तन्मयला न सांगता कळतं बघ. पोटातलं पोर ते.”

हेही तन्मयला मालिकेतूनच कळलं. कमलताईंनी पूजेला आलेल्या बायकांना रोहनबद्दल नेमकं हेच सांगितलं. त्याने तो भाग पुसून टाकला. स्वतःच्या मोबाइलवरून; आईच्या डोक्यातून पुसायची सोय नव्हती.

आज सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं. सांगायचं म्हणजे पट्टा, लोणचं, मैत्रीण, सगळंच उसवणार. तेवढ्यात आईचा फोन आला.

“तन्मय! आपली मृण्मयी येतेय मिरजेत! लक्ष्मी मार्केटजवळ साडीचं दुकान निघतंय, त्याच्या उद्घाटनाला. शकिला आणि मी जाणार.”

“आई, नको जाऊस. गर्दी असते.”

“मग तू ये की हात धरायला.”

*

तन्मय पोचला तेव्हा आई रांगेत बरीच पुढे गेली होती. ठेवणीतली इरकल नेसली होती. दुकानाच्या गादीवर, पैठण्यांच्या ढिगाशेजारी, मृण्मयीचं काम करणारी मधुरिमा खासनीस बसली होती. शेजारी माइक घेतलेला निवेदक. तन्मय माणसं सारत पुढे घुसला, पण आई पोचली होती.

“हात दुखतो का गं अजून?” आईने तिचा हात हातात घेऊन विचारलं.

“हात? नाही काकू.”

“विंचवाचं असतं तसं. थंडीत ठणकतं.”

“कुठला विंचू?”

“बाविसाव्या मजल्यावरचा!” आई हसली. “अगं, मीच म्हणाले होते चावू दे म्हणून. माफ कर हं.”

निवेदकाने माइक पुढे केला. “काकूंना विंचू चावलाय! एकदा जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. मधुरिमाने समजूत घालायच्या आवाजात सांगितलं, “काकू, आमच्या मालिकेत विंचू नव्हता. आणि ती बंद पडून दीड-दोन वर्षं झाली. निरोप आला तेव्हा माझ्या एकाच डोळ्यात काजळ घातलं होतं, तशीच घरी गेले.”

“बंद कशी पडेल? परवाच तर तुझ्या सासूचं, काकूसाहेबांचं, तेरावं झालं.”

“काकूसाहेबांचं?” मधुरिमा दचकली. “अहो, त्या ठणठणीत आहेत. सकाळीच बोलले मी त्यांच्याशी.”

लोक हसले. वाईट कुणी नव्हतं, पण हसले. निवेदकाने आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं आणि शकिलाभाभीला दबक्या आवाजात विचारलं, “काकूंना गोळ्या चालू आहेत का काही?”

शकिलाभाभीने तन्मयकडे बघितलं. सांगायची हीच वेळ होती. तन्मय नऊवारींच्या कपाटाला टेकून उभा होता. त्याच्या तोंडातून शब्द आला तो असा: “आई, चल, बाहेर हवा आहे.”

दुकानाच्या पायरीवर आई बसली. कुणीतरी दिलेलं सरबत हातात तसंच.

“शकिला, तुला मी विंचवाचं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंत की ताई. पण मी नुसतं ऐकलेलं. बघितलं कुठं?”

आईने मान हलवली. मग तन्मयला म्हणाली, “माझ्या मावशीचं असंच झालं होतं रे. आधी नसलेलं दिसायला लागलं. मग असलेली माणसं ओळखू येईनात. डॉक्टर बघून ठेव एखादा. तुला त्रास होण्याआधी.”

तन्मय म्हणाला, “बघतो.”

हे वाक्य त्याने उच्चारलं. दोन पावलांवर उभं राहून, आईच्या तोंडाकडे बघत.

रिक्षात आई मधे बसली. थोड्या वेळाने ती पुटपुटायला लागली. तन्मयने कान दिला. ती मिरजेतल्या पेठांची आणि गल्ल्यांची नावं म्हणत होती, ज्या क्रमाने पूर्वी पाणीपट्टीच्या पावत्या लावायची त्या क्रमाने. एका ठिकाणी अडली. कपाळाला हात लावला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याच ठिकाणी पुन्हा अडली आणि तन्मयकडे बघून कसंनुसं हसली.

“आई, तुला काही झालेलं नाही,” तन्मय म्हणाला. “मालिका मशीन बनवतं.”

“कुठलं मशीन?”

“मी बसवलेलं. विंचू होता. तू बघितलास. मीपण बघितला.”

रिक्षावाला आरशातून मागे बघायला लागला. तन्मयने सगळं सांगितलं. डिश, पाऊस, भोकं, रफू, माइक. ‘मर्यादा नाही’ हेही सांगितलं. शकिलाभाभी “या खुदा” म्हणाली आणि बाहेर बघू लागली, जणू ती या रिक्षात नव्हतीच.

“म्हणजे मला भ्रम झालेला नाही,” आई म्हणाली.

“नाही.”

“मग तिथे पायरीवर ‘बघतो’ काय म्हणालास?”

तन्मय रिक्षावाल्याला उगाचच रस्ता सांगायला लागला. आईने वाट बघितली. मग तिला दुसरंच काही सुचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“काकूसाहेबांना मी मारलं म्हणजे. ‘मर एकदाची’ म्हणाले होते. दोनदा.”

“आई, त्या खऱ्या नाहीत.”

“बोलले तर खरी ना मी.” रिक्षा घराच्या बोळात वळली, तेव्हा ती सावकाश, एकेक जोडत म्हणाली, “मी पडले, ते तुला त्यातनं कळलं. लोणचं त्यातनं. कुसुमचा फोन त्यातनं.”

“हो.”

“मी गावभर सांगितलं, माझ्या पोराला न सांगता कळतं.”

“आई, मी ऐकत होतो पण. रोज बघायचो. एकही भाग…”

“तू कुठे ऐकलंस? ते ऐकत होतं.” आईने पदर सावरला. “तू मालिका बघत होतास.”

*

तन्मयने त्याच दिवशी पेटी सोडवली आणि डिशची वायर थेट टीव्हीला जोडली. तिच्यावर आता सरकारी वाहिन्या तेवढ्या दिसत: बातम्या, हवामान, कबड्डी. माइक काढून त्याने आईला दाखवला. तिने तो लांबूनच बघितला, झुरळ बघावं तसा.

त्यानंतर तो दर शनिवारी मिरजेला येऊ लागला. आईने जेवायला वाढणं बंद केलं नाही, दार उघडणंही नाही. फक्त टीव्हीसमोर बसली की ती बोलायची नाही. बातम्यांत एक पुढारी ढळढळीत खोटं बोलला. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. कबड्डीत पंचाने उघड अन्याय केला; तिने नुसता श्वास घेतला. जन्मभर खिडकीतून अख्ख्या गावाला सुनावणारी बाई स्वतःच्या खोलीत दबकून बसली होती, आणि हे तन्मयने केलं होतं, ट्यूनर कार्ड आणि शांत पंख्यासकट.

“आई, आता काही ऐकत नाही कुणी. बोल की.”

“काय बोलायचंय? बघते आहे ना.”

“गुडघा कसा आहे?”

“बरा आहे.”

“झोप?”

“बरी आहे.”

पूर्वी एवढ्यावर त्याला पुण्याला निघून जाता आलं असतं. आता तो तिथेच बसून राहायचा, कारण दुसरीकडून काही कळायची सोय उरली नव्हती. पहिल्या शनिवारी त्याला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या शनिवारीही. एक म्हातारी बाई खुर्चीत बसली आहे, एवढंच. तो मोबाइल काढायचा, ठेवून द्यायचा. त्याला आईकडे बघायची अजिबात सवय नव्हती; कुठून सुरुवात करतात तेच कळत नव्हतं.

कितव्यातरी शनिवारी हवामानाच्या बातम्या चालू असताना आई चहा ठेवायला उठली. उठताना तिने टीपॉयला डावा हात टेकला, दात आवळले आणि सगळा भार उजव्या पायावर टाकला. मग काही झालंच नाही अशा चालीने स्वयंपाकघराकडे निघाली.

“डावा दुखतोय,” तन्मय म्हणाला. “आपटला होतास तो उजवा. हा डावा आहे.”

आई दारात थांबली. वळून शोकेसकडे बघितलं. पेटीची जागा रिकामी होती, मागची भिंत दिसत होती. तिने टीव्हीच्या मागेही नजर टाकली. मग तन्मयच्या हातांकडे बघितलं. हातांत काही नव्हतं.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आत्ता उठलीस तेव्हा बघितलं.”

टीव्हीवरची मुलगी कोकणात पाऊस सांगत होती. तन्मयने नजर हटवली नाही. आता हटवली तर पुन्हा हटवायचीच सवय लागेल अशी त्याला भीती वाटत होती.

“टीव्हीकडे बघ की,” आई म्हणाली, “माझ्याकडे काय बघत बसलास?”